पेटींतला गांधार

सात रस्त्याच्या आसपास ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं रात्रीं, रहदारी निमाल्यावर, एक प्रयोग करून पाहावा. पेटीच्या पांढरी एकला षड्ज धरून तंबोरा नीट जुळवावा, तो छेडीत असतां पेटीवर सा, शुद्ध गांधार व पंचम एकदम दाबावेत. (तंबोऱ्याचा भोपळा बहुधा आपल्याच जिल्ह्यांतला असेल, मिरजेचे कारागीर तो पंढरपूरच्या बाजूनें नेतात.) खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गांधार उमटतो, त्याच्याशीं पेटीचा गांधार भांडूं लागेल.

भांडण गणिताचें आहे. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर स्वयंभू गांधार ३०० वर व पंचम ३६० वर येतो, प्रमाण ४:५:६. तिघांची मिळून जी लहर होते तिची आकृति सेकंदांत ६० वेळां जशीच्या तशी फिरून येते, आणि कानास विसांवा मिळतो. पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यांत पंचम ३५९.६, म्हणजे नांवापुरता उतरलेला. गांधार मात्र ३०२.४ पर्यंत चढतो. षड्जाचा पांचवा उपस्वर आणि या गांधाराचा चौथा यांची गांठ पडतांच सेकंदास नऊ-साडेनऊ ठोके पडतात, व लहरीचा आकार स्थिर राहत नाहीं.

हा दोष सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांस डांचला. अब्दुल करीम खांसाहेबांच्या साहाय्यानें तारेच्या लांबीवर स्वर मोजून त्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासह श्रुतींची पेटीहि करविली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती पुढें आली, पण जमलेल्या जाणकारांस पटली नाहीं. माझ्या मतें निदान अचूक होतें, औषध मात्र अपुरें. दरबारीचा गांधार झुलतो. त्याला बांधून ठेवील अशी पट्टी कोठून आणावी?

नभोवाणीनें तर १९४० च्या मार्चपासून पेटीच बंद केली. ती बंदी १९७१ नंतर सैल झाली. गवयांनीं मधल्या काळांत पेटी सोडली नाहींच.

कारागीरांचा उपाय साधा आहे. पितळी सूर बुडाशीं किंचित घासला कीं तो उतरतो. परंतु पांढरी एकच्या गवयासाठीं उतरविलेला हा गांधार पांढरी दोनच्या गवयाचा ऋषभ होतो, आणि तो त्याला बेसूर लागतो.