फेस येईना!

परवा धनत्रयोदशीच्या सकाळी मोटार धुवायला काढली. आमच्या नंदुरबारला हे दिवस मिरचीचे. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि धूळ सगळीकडे बसते. बादलीत बोअरचे पाणी घेतले, त्यात अंगाच्या साबणाच्या उरलेल्या चिपा टाकल्या (काटकसर हा मास्तरांचा कुळधर्मच!) आणि घुसळत बसलो. फेस नाहीच, वर आला तो करडा साका. मुले हसली. मला मात्र आजोबा आठवले.

याच साक्यापायी आजोबांनी एका दुकानदाराशी वैर धरले होते. ‘साबणात भेसळ करतो,’ असे ते भर बाजारात म्हणाले. आजी सांगून थकली, “अहो, श्रावणात पागोळ्यांच्या पाण्याला हाच साबण भरभरून फेसतो. मग भेसळ कुठली?” पण घरातल्या बाईचे ऐकतो कोण?

आजीचेच खरे होते. 1888 साली ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे अर्देशीर गोदरेज यांनी चरबी वगळून वनस्पती तेलांचा स्वदेशी साबण काढला. साबण विलायती असो वा स्वदेशी, आमच्या विहिरींनी दोघांनाही सारखेच वागवले! काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. साबणातली तेलाची आम्ले आधी त्यांना चिकटतात आणि साका होऊन बसतात. ही क्षारांची भूक भागल्यावर जो साबण उरेल, त्याचाच फेस. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतातच.

रिठ्याचे तसे नाही. त्याच्या सालीतले फेसाळ द्रव्य, सॅपोनिन, जड पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून तर रेशमी लुगडी आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात निघत. आजीच्या फडताळात रिठ्यांचा डबा कायम असे. कारखान्यांना हे साधायला वेळ लागला. 1959 साली भारतात ‘सर्फ’ आली, 1969 साली शेजारच्या अहमदाबादेत ‘निरमा’ निघाली, आणि बोअरच्या पाण्यालाही फेस फुटू लागला.

मग मोटारीला तीच पूड का लावू नये? तर ती कपड्यांचा मळ काढण्याइतकी कडक; रंगावरचे मेणही ओरबाडून नेते. मोटारीला सौम्य शाम्पूच बरा. बादलीत आधी शाम्पू घालावा आणि वरून नळीची जोराची धार सोडावी. पाण्यात हवा कोंडली की फेस दाटतो. दाट फेस धुळीचे कण अलगद धरून ठेवतो; मग पुसताना ओरखडे कमी उठतात.

शाम्पू आणायचा तर होताच. त्या दुकानात आता नातू बसतो. आमच्या घरातले कोणी वर्षानुवर्षे त्याची पायरी चढले नव्हते. फराळाचा डबा घेऊन मी गेलो आणि आजोबांची चूक त्याला साक्यासकट समजावून सांगितली. त्याने निमूटपणे ऐकून घेतले, बाटली काढून दिली आणि म्हणाला, “मास्तर, हे आमच्या आजीलाही सांगा. ती आत आहे.”