इन्व्हर्टर-आधारित वीज प्रकल्प : प्रतिमान व स्थैर्य

सौर प्रकल्प, बॅटरी संच आणि बहुतेक आधुनिक पवनचक्क्या इन्व्हर्टरमार्फत ग्रिडला वीज देतात. अशा प्रकल्पाचे वर्तन संगणकावर गणिती रूपात मांडले की त्याचे प्रतिमान तयार होते. ग्रिडमध्ये बिघाड झाल्यावर प्रकल्प जोडलेला राहील का, हे त्यावरून आधी तपासता येते.

औष्णिक व जलविद्युत केंद्रांतील जनित्रांचे अवजड फिरते भाग बिघाडाच्या क्षणी साठलेली गतिज ऊर्जा आपोआप पुरवतात. नेहमीच्या कित्येक पट प्रवाहही मिळतो. इन्व्हर्टर साधारणतः १.१ ते १.२ पटच प्रवाह देऊ शकतो आणि त्या क्षणी काय करायचे ते त्याचे सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे त्यातील संरक्षण-सेटिंग्ज प्रतिमानात नसतील, तर ते प्रतिमान सर्वांत गरजेच्या वेळी फसवते.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी हेच घडले. टॉर्नेडो वादळांनी २७५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. सुमारे दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा घसरले. काही पवनचक्क्यांमध्ये ठरावीक काळात किती घसरणी सोसायच्या याची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडताच नऊ पवन प्रकल्पांचे उत्पादन सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉटने उतरले. तूट भरून काढताना व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या हेवूड जोडणीवर अतिभार आला, ती तुटली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. पवनचक्क्या सेटिंगप्रमाणेच वागल्या होत्या. मात्र ते सेटिंग ग्रिडचालकाच्या प्रतिमानात नव्हते. घटनेनंतर ते बदलण्यात आले. वाऱ्याच्या विजेला सरसकट दोष देणारी तेव्हाची ओरड म्हणूनच अन्याय्य होती.

सेटिंग्जप्रमाणेच प्रतिमानाचा प्रकारही महत्त्वाचा असतो. प्रचलित आरएमएस (रूट मीन स्क्वेअर) प्रतिमाने मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतात. मोठ्या ग्रिडच्या अभ्यासाला ती सोयीची असली, तरी इन्व्हर्टरच्या आतल्या वेगवान हालचाली त्यांना दिसत नाहीत. त्यासाठी मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांची ईएमटी (इलेक्ट्रोमॅग्नेटिक ट्रान्झियंट) प्रतिमाने लागतात. ती वेळखाऊ असतात, पण दुर्बल ग्रिडमध्ये त्यांना पर्याय नाही. जोडणीबिंदूवरील शॉर्ट सर्किट क्षमता प्रकल्पाच्या क्षमतेच्या तिपटीहून कमी असेल, तर ग्रिड सहसा दुर्बल मानतात. तेथे इन्व्हर्टरने सोडलेल्या प्रवाहानेच व्होल्टेज हलते. त्या व्होल्टेजवरून ताल पकडणारा फेज-लॉक्ड लूप गोंधळतो आणि दोलने सुरू होतात. ऑस्ट्रेलियातील वेस्ट मरे भागात अशाच दोलनांच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये पाच सौर प्रकल्पांचे उत्पादन निम्म्यावर आणावे लागले. नियंत्रकांचे सेटिंग सुधारून २०२० मध्ये ते निर्बंध उठले.

भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ च्या दुरुस्तीद्वारे व्होल्टेजची घसरण सोसण्याची अट नियमांत आणली. नियमांखेरीज उपकरणांचेही उपाय आहेत. सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे केवळ ग्रिडला आधार देण्यासाठी फिरत ठेवलेले यंत्र, बसवून दुर्बल ग्रिडला बळ देता येते. स्वतःच व्होल्टेज व वारंवारता उभारणारे ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर हा दुसरा उपाय असून तो मुख्यतः बॅटरी प्रकल्पांत वापरात येत आहे.