कलिंगडाच्या वाणाची कुळकथा

उन्हाळ्यात कलिंगड घेताना आपण ते बोटांनी वाजवून पाहतो, फाक कापवून तिचा रंग पाहतो. गोडी आणि रंग या आपल्या कसोट्या. परंतु फळ पिकेपर्यंत त्याचा वेल जगला कसा, हे आपण सहसा विचारीत नाही. आम्हांला तर कलिंगडाच्या सुधारलेल्या वाणांचा इतिहास हा मुख्यतः याच न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात कलिंगडाचे वेल ऐन बहरात सुकून मरू लागले. १८९४ साली अर्विन स्मिथ याने या मर रोगाची नोंद केली. रोगाचे मूळ जमिनीतील बुरशीत होते, आणि ती वर्षानुवर्षे तेथेच टिकून राही. औषध फवारावे, तर रोग मुळांतून शिरणारा. शेत बदलावे, तर नवी जमीन आणावी कोठून?

तेथील शेतकी खात्यातील विल्यम ऑर्टन याने मग जमिनीऐवजी वेलच बदलावयाचे ठरविले. खाण्याच्या गोड जाती रोगट जमिनीत तग धरीनात. टिकली ती 'सिट्रॉन' नावाची जात. तिचा गर पांढरट, कठीण आणि बेचव. फार तर मुरंब्याच्या कामाचा. ऑर्टनने 'ईडन' या गोड जातीशी तिचा संकर केला.

कलिंगडाच्या वेलावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफूल उमलण्यापूर्वी झाकून ठेवावयाचे आणि उमलताच त्यावर निवडलेल्या नरफुलाचे पराग लावावयाचे, एवढाच संकराचा विधी. खरी कसोटी पुढेच. दुसऱ्या पिढीत आजा-आजीचे गुण नाना तऱ्हांनी विखुरतात. ती रोपे रोगट जमिनीतच लावावयाची, जगतील त्यांची फळे चाखावयाची आणि त्यांतील उत्तमाचे बी पुढे न्यावयाचे. या मार्गाने १९११ साली 'कॉन्करर' हा वाण बाहेर आला. वेल जगला, पण फळ बाजाराला रुचले नाही.

मग हे श्रम वाया गेले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. आयोवातील संशोधकांनी 'कॉन्करर'चा पुन्हा संकरासाठी उपयोग केला. करपा रोगाला दाद न देणारा गुण आफ्रिकेतून आणलेल्या बियाण्यात सापडला. अखेर १९५४ साली चार्ल्स्टन येथे सी. एफ. अँड्रस याने 'चार्ल्स्टन ग्रे' हा वाण दिला. त्यात गोडी होती, मर व करपा यांना तोंड देण्याची ताकदही होती. त्याच्याच वंशात १९६३ साली कॅन्ससमध्ये चार्ल्स हॉल याने 'क्रिमसन स्वीट' निपजविला. आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने त्याच्याशी संकर करून 'अर्का माणिक' हा वाण काढला. चार्ल्स्टनचा वारसा असा आपल्या देशातील मळ्यांपर्यंत येऊन पोहोचला.

तथापि रोगही स्वस्थ बसत नाही. मर व करपा यांचे नवे प्रकार निघाले, तेव्हा जुन्या वाणांचे बळ अपुरे पडले आणि संशोधकांना पुन्हा आफ्रिकेतील रानवट, बेचव जातींकडेच वळावे लागले. बाजार गोड फळ तेवढे राखतो. न खपणाऱ्या फळाचे बी राखण्याचे काम मात्र समाजाला बुद्धिपुरस्सर करावे लागते. ते राखले नाही, तर पुढच्या संकटात संकर करावयाचा तो कोणाशी?