भंगारात गेलेलं गॅमासेल

बी.टेक.च्या पहिल्या वर्षी आमच्या केमिस्ट्री लॅबच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. आत तपकिरी बाटल्या, लेबलं आम्लाने खाल्लेली. "हे काय आहे?" विचारलं तर लॅब असिस्टंट म्हणाले, "माझ्या आधीचं आहे. हात लावू नकोस." पुढे मी दुसऱ्यांचा जुना कोड सांभाळायच्या धंद्यात आलो, तेव्हा हेच वाक्य रोज ऐकायला मिळू लागलं! असो.

तर मंडळी, आजची गोष्ट दिल्लीची. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून एक यंत्र घेतलं, गॅमासेल २२०. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-६० च्या कांड्या, त्यांचे किरण वापरून प्रयोग करायचे. १९८५ नंतर ते कुणी वापरलं नाही. वापरणारे निवृत्त झाले. यंत्र मात्र तिथेच, कुलूपबंद. २५ वर्षं.

फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाचा लिलाव केला आणि त्यात हेही विकून टाकलं. भंगारवाल्यांनी ते मायापुरीला नेलं. तिथे हा देशातला मोठा भंगारबाजार. कामगारांनी धातूसाठी यंत्र तोडलं, आतल्या कांड्या बाहेर आल्या. एका दुकानदाराने चकाकता तुकडा चक्क पाकिटात ठेवला.

मग कुणाची कातडी काळी पडली, कुणाचे केस गळू लागले. एप्रिलच्या सुरुवातीला एका रुग्णालयातून अणुऊर्जा नियामक मंडळाला खबर गेली. पथकं मीटर घेऊन दुकानं धुंडाळू लागली. पण हा कोबाल्ट आला कुठून, याचा माग विद्यापीठापर्यंत लागायला महिनाअखेर उजाडली. तोवर एक कामगार दगावला होता. आणखी सात जणांना किरणांची बाधा झाली.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. १९६८ चा कोबाल्ट धरला तर २०१० पर्यंत साधारण आठ अर्धायुष्यं. म्हणजे दोनाचा आठवा घात, आपल्या लोकांचा लाडका २५६. मूळ ताकदीचा २५६ वा हिस्सा उरला होता, आणि तेवढ्यानेही माणूस गेला.

लॅबच्या कचऱ्याचे नियम तसे साधेच असतात. क्लोरीनवाली सॉल्व्हंट वेगळ्या कॅनमध्ये, बाकीची वेगळ्या. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत अॅसिटोन कधीच नाही. आणि प्रत्येक कॅनवर लिहायचं: काय, केव्हाचं, कुणाचं. पहिले दोन नियम पोरं पाळतात; दुसरा चुकला तर लगेच भडका. तिसरा चुकला तर २५ वर्षं काहीच होत नाही. मला विचाराल तर दिल्लीत हा तिसराच नडला. लिलाव करणाऱ्यांना मी खलनायक मानत नाही. पण "आत काय आहे?" हे विचारायला कुणीतरी हवं होतं, तेही विकण्याआधी.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी कॉलेजमधल्या एका ज्युनिअरला फोन केला. म्हणाला, लॅबचं नूतनीकरण झालंय, ते कपाट आता नाही. बाटल्या कुठे गेल्या? तो म्हणाला, "दादा, कुणालाच माहीत नाही."