वासोट्याचा जलमार्ग

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या कुटुंबाला नावेतून जाऊन जुनी वास्तू पाहण्याची हौस असेल, तर नाईल नदी गाठण्याचे कारण नाही. साताऱ्याहून कासच्या पठारावरून पस्तीसेक किलोमीटर गेले की बामणोली येते. तिथल्या बोटक्लबची लाँच ठरवायची, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि सुमारे दीड तासाच्या प्रवासानंतर मेट इंदवलीला उतरायचे. पुढे दाट अरण्यातून चढ आहे. वडीलधारी मंडळी बहुधा काठाशीच थांबतात, आणि मुले मात्र वासोट्याचा माथा गाठून बाबूकड्याचा सरळसोट तुटलेला खडक पाहून येतात. एका दिवसाची ही सहल आता चांगलीच रुळली आहे. तिच्याविषयी लिहिले जाते ते मात्र बहुतेक वाटेच्या माहितीपुरते. आम्हांला इथे थोडे निराळे बोलायचे आहे.

किल्ला पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाने बांधला असे परंपरा सांगते, आणि लोकांनी त्याचे नाव वसिष्ठ ऋषींशी जोडले आहे. शिवाजी महाराजांनी १६६०मध्ये तो घेतला. त्याचे 'व्याघ्रगड' हे नाव प्रसिद्धच आहे. दुर्गमता हेच या गडाचे खरे बळ. म्हणूनच त्याचा उपयोग लढाईपेक्षा कैदखाना म्हणून अधिक झाला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी इथे होते, आणि दीड शतकानंतर, १८१७-१८च्या युद्धात, पेशव्यांनी पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथेच होते. त्याच वेळी सातारकर छत्रपतींच्या घरातील माणसेही गडावर ठेवलेली होती. धनी आणि शत्रू एकाच तटाच्या आत बंदिस्त, हे पेशवाईच्या अखेरचे चित्र कोणत्याही कादंबरीकाराला पुरून उरेल. एप्रिल १८१८मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने तोफा डागल्या आणि गड इंग्रजांच्या हाती गेला.

या साऱ्या पुरुषी इतिहासात ताई तेलिणीची गोष्ट वेगळी उठून दिसते. परशुरामपंत प्रतिनिधी आणि दुसरे बाजीराव यांच्या वैरात पंत कैद झाले, तेव्हा तिने माणसे जमवून त्यांना मसूरहून सोडवले. पंत पुन्हा पकडले गेल्यावर तिने वासोटा धरला आणि बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला काही महिने झुंजवले. गडावरचे धान्याचे कोठार जळाले आणि मग १८०७च्या सुमारास गड पडला. आता तिच्या नावाकडे पाहा. 'तेलीण' ही जात, 'ताई' हे हाक मारण्याचे संबोधन. स्वतःचे म्हणून नाव इतिहासाने तिला ठेवलेलेच नाही. कागदपत्रांनी तिची ओळख प्रतिनिधींची रक्षा एवढ्यावरच आटोपली.

लोकवाणीने मात्र तिच्याशी अधिक न्यायाने वागणूक केली. 'वासोटा' या शब्दाशी यमक जुळवून गोखल्यांची टर उडवणारी एक तुकबंदी या भागात तोंडोतोंडी आहे. तिच्यात गड पडल्याचा उल्लेख नाही. तेलीण मारते आहे आणि सेनापती स्वतःला सावरतो आहे, तिथेच ती थांबते. हरणारी बाई लोकांनी लढतानाच्या क्षणी धरून ठेवली. मौखिक परंपरेला इतिहासाचे साधन मानावे की नाही, असा प्रश्न दरवर्षी आमच्या वर्गात निघतो. घटनेचा शेवट सांगण्यात ही तुकबंदी कुचकामी आहे. पण लोक कोणाच्या बाजूला होते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे कोणते साधन सांगणार? गोखले स्वतः फेब्रुवारी १८१८मध्ये अष्टीच्या लढाईत पडले, वासोटा इंग्रजांनी घेण्याच्या दीड-दोन महिने आधी. असो.

हे सगळे घडले तेव्हा इथे जलाशय नव्हता. कोयना नदी होती, भातखाचरे होती, काठाने गावे होती. आज लाँच ज्यावरून जाते तो शिवसागर म्हणजे कोयना धरणाचे पाणी. १९५४मध्ये सुरू झालेले हे काम पुढच्या दशकात पुरे झाले आणि खोऱ्यातली अनेक गावे बुडाली. इथली माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी चहूकडे पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६चा, म्हणजे पाणी भरल्यानंतर दशकाहून अधिक काळाने आलेला. बरे, हे पाणी पूर्वेकडे कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाला जावे असा निसर्गाचा बेत. त्यातले बरेचसे आता डोंगराच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरते आणि वाशिष्ठीवाटे कोकणात जाते.

सहलीला निघालेल्या कुटुंबाला हे सांगावे का? सांगावे, असे आमचे मत आहे. नेमक्या त्याच काळात इजिप्तमध्ये आस्वानचे मोठे धरण उभे राहत होते. अबू सिंबेलची देवळे १९६४ ते १९६८ या काळात कापून, उचलून, वरच्या पातळीवर पुन्हा रचली गेली आणि जगाने त्याचे कौतुक केले. न्युबियातली हजारो माणसेही त्याच पाण्याने हलवली. त्यांच्याविषयी तेवढे छापून आले नाही. आमच्याकडे देवळे उचलायला कोणी आले नाही, एवढाच फरक. उजनीच्या जलाशयात पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर येते आणि लोक होडीतून ते पाहायला जातात. छायाचित्रात कळस असतो. त्याच्याभोवतीचे गाव कुठे गेले, हे छायाचित्राखाली लिहिलेले नसते.

वासोटा डोंगरावर असल्याने वाचला. त्याच्याभोवतीचे रान १९८५मध्ये कोयना अभयारण्य झाले, आणि २०१०मध्ये सांगलीकडच्या चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. व्याघ्रगडाला नावापुरता का होईना, वाघ परत मिळाला. चांदोलीतलीही काही गावे उठली, हे ओघाने आलेच. 'मेट' म्हणजे गडाच्या उतारावरची पहाऱ्याची वस्ती. मेट इंदवलीत आज वस्ती नाही. वनखात्याची चौकी आहे. उतरणाऱ्या प्रत्येकाची नावनिशी आणि जवळच्या प्लास्टिकच्या पिशव्यांची मोजदाद तिथे होते. संध्याकाळी लाँच परत फिरण्यापूर्वी तेवढ्याच पिशव्या पुन्हा मोजून द्याव्या लागतात.