नवसागर आणायला तांबट आळीत

ट्रामचे चार घोडे फुरफुरत थांबले की खाली उतरा. नाशिक रोड स्टेशनापासून इथवर येताना केसांत, पापण्यांवर, ओठांवर धूळ बसली आहे. बसू द्या, इथं सगळ्यांच्याच अंगावर आहे. साल 1920 च्या आसपासचं. मेन रोडवरून तांबट आळीकडं जायचं आहे, पण वाट विचारायची गरज नाही. कान द्या. ठण ठण ठण, मधेच एक जड धप्प, पुन्हा ठण ठण. त्या आवाजाच्या मागं चालत राहा.

आळीत शिरलात की आवाज कानांतून दातांत उतरतो. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर माणसं उकिडवी बसून घागरींना ठोके देताहेत. बोलायचं असेल तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्या. एका भट्टीजवळ जरा वाका. चेहरा भाजतो ना? ठोकून ठोकून तांबं ताठर झालं आहे. आणखी ठोकलं तर चिरेल, म्हणून कारागीर ते लालभडक तापवतो. निखाऱ्यांतून बाहेर काढल्या काढल्या हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि वर काळी पापडी धरते. मग घागर पाण्यात. चर्रर्र! पापडी तडकून गळते, खाली गुलाबी, मऊ झालेलं तांबं दिसतं.

पापडीचा एक तुकडा उचलून पाहा. वरून काळा, आतल्या बाजूनं लालसर. तुम्ही शाळेत शिकलात त्यातली दोन नावं इथं तुमच्या तळहातावर आहेत. लाल ते क्युप्रस ऑक्साईड, दोन तांब्यांमागं एक ऑक्सिजन. काळं ते क्युप्रिक ऑक्साईड, एकास एक. जिथं ऑक्सिजन भरपूर मिळाला तिथं काळं, आत कमी पोचला तिथं लाल. वहीत हे ‘अस’ आणि ‘इक’ पाठ करताना किती कंटाळा यायचा! इथं ते बोटांना काळं करतं.

कोपऱ्यावर कल्हईवाले चाचा बसलेत. समोर जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसे, बाजूला भाता. पितळी पातेली, तांब्याच्या पराती घेऊन बायका थांबल्यात. चाचांची नजर तुमच्यावर पडते. “रिकामे उभे आहात ना? मग दोन पैशांचा नवसागर घेऊन या.”

पळा. काष्ठौषधींच्या दुकानात अंधार आणि थंडावा. हिंग, सुंठ, वेखंड, कापूर यांचा वास एकदम नाकात घुसतो. गल्ल्यावर गर्दी आहे, कोपरानं वाट काढा. अमोनियम क्लोराईड मागितलंत तर दुकानदार नुसता बघत राहील. नवसागर म्हणा. तो लगेच पुडी बांधायला घेईल.

तोवर खोक्यांत डोकावा. निळाशार मोरचूद, हिरवट हिराकस, काचेसारखी तुरटी. एक खरजेच्या मलमात, एक शाईत, एक गढूळ पाणी निवळायला. या नावांवरून तिघांचं नातं कुणालाही कळणार नाही. तुमच्या वहीत मात्र तिघांचं आडनाव एकच, सल्फेट. 1787 साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सोबत्यांनी ठरवलं, की पदार्थाला रंगावरून किंवा गावावरून नव्हे, आत काय आहे त्यावरून नाव द्यायचं. मला हा माणसाच्या बुद्धीचा फार मोठा पराक्रम वाटतो. पण या दुकानात उभं राहिल्यावर हेही पटतं, की मोरचूद म्हणताना डोळ्यांपुढं रंग उभा राहतो, कॉपर सल्फेट म्हणताना राहत नाही. दोन्ही नावं तोंडात असावीत.

दुकानदाराच्या चोपडीवरची ओली अक्षरं पाहा, फिकट आहेत. हिराकस आणि हिरडा यांची ती शाई. वाळेपर्यंत थांबलात तर ती काळीभोर होतील, कारण हवा लागून फेरसचं फेरिक होतं आणि हिरड्यातल्या टॅनिनशी त्याची गाठ पक्की बसते. दुकानातल्या पोरानं वाटीभर मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवून ठेवला आहे. खिळ्यावर तांबूस थर चढला आहे. लोखंड विरघळून तांब्याला बाहेर काढतं, एवढी साधी अदलाबदल. पोर खुशीत आहे, पण तुम्ही निघा, चाचा वाट पाहताहेत.

आता भात्याजवळ बसा. परात राखेनं आणि चिंचेनं घासून झाली आहे. चिंचेतल्या टार्टरिक आम्लानं वरचा मळ काढला. परात तापली. चाचा नवसागराची चिमूट टाकतात आणि भस्सकन पांढरा धूर उठतो. नाक झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, घसा धरतो. मागं सरका, पण पाहत राहा. उष्णतेनं नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू झाले. ते दोघं तांब्यावरचं ऑक्साईड काढून टाकतात. उरलेले वर थंड हवेत भेटले की पुन्हा नवसागर, तोच हा धूर.

पृष्ठभाग लखलखला, त्याच क्षणी कथलाची कांडी टेकते. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तापल्या परातीला ते अवघड नाही. कापसाचा बोळा गरकन फिरतो आणि लाल तांब्यावर चंदेरी लाट पसरते. मळ उरला असता तर कथील थेंबाथेंबानं घरंगळलं असतं. स्वच्छ तांब्याशी मात्र ते मिसळून मधे दोघांचा पातळसा थर तयार होतो.

परातीची मालकीण हे काही विचारत नाही. तिला एवढंच ठाऊक, की कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, हिरवट होतं, आणि पोटात ढवळतं. तिनं परात उजेडाकडं धरून कडेनं बोट फिरवलं.

“चाचा, इथं तांबडं राहिलंय की!”

चाचांनी पाहिलं. खरंच, नखाएवढी जागा सुटली होती. परात पुन्हा निखाऱ्यांवर गेली, आणि चाचांनी भात्याचा दांडा तुमच्याकडं सरकवला. “ओढा. जोरात.”