वाइन तरुणांनी सोडली?

फ्रान्समध्ये वाइनचा खप घसरतो आहे आणि त्याचं खापर हल्ली सर्रास तरुणांच्या माथी फोडलं जातं. ही पिढी बिअर आणि कॉकटेलच्या नादी लागली, आजोबांची रीत तिने मोडली, असा हा पूर्वपक्ष. तो आकड्यांपुढे टिकत नाही. 1960च्या सुमारास फ्रान्समध्ये दरडोई वर्षाला 120 लिटरांहून अधिक वाइन खपे. आज हा आकडा 40च्या आसपास आहे. पण यातली मोठी घसरण 1990च्या आधीच होऊन गेली होती. आजच्या पंचविशीतल्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. रीत मोडली ती आजोबांनीच.

आणि ती रीत तरी काय होती? दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोकची पातळ लाल वाइन, तिच्यात बरेचदा अल्जीरियाच्या गडद वाइनची भर. गळ्यावर काचेतच उठवलेल्या चांदण्यांची एक लिटरची बाटली. रिकामी परत केली की अनामत मिळे. घाऊक बाजारात या वाइनचा भाव अल्कोहोलच्या अंशांवर ठरे, चवीला कुणी फारसं विचारत नसे. शेतमजूर आणि खाणकामगार तिला अन्नच मानत. शाळेच्या खानावळीत चौदा वर्षांखालच्या मुलांनाही ती मिळे. 1956मध्ये त्यावर बंदी आली. पुढे अंगमेहनतीची कामं घटली, कचेऱ्या वाढल्या, दुपारचं जेवण आटोपशीर झालं, गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलवर कायद्याने मर्यादा आली. त्या बाटलीची गरजच उरली नाही. तिला संस्कृती म्हणून गौरवणाऱ्यांनी ते कष्टही आठवावेत.

1980मध्ये निम्मे फ्रेंच लोक रोज किंवा जवळजवळ रोज वाइन घेत. 2015मध्ये साधारण सहांतला एक. मात्र त्याच काळात अधूनमधून पिणारे वाढले, आणि साध्या वाइनची जागा मूळस्थानाची हमी असलेल्या वाइनने घेतली. म्हणजे बहुतेकांनी वाइन टाकली नाही, रोजच्या ताटातून उचलून पाहुण्यांच्या जेवणाला नेली. तरुण कमी पितात हे खरंच. पण ते याच वाटेवर पुढे चालले आहेत.

या घसरणीची झळ मळ्यांनाही बसते आहे. बोर्दोच्या वाइन प्रदेशात 2023मध्ये सुमारे 9,500 हेक्टरवरच्या द्राक्षवेली उपटण्यासाठी हेक्टरी 6,000 युरोंची योजना जाहीर झाली. वडिलोपार्जित वेल स्वतः उपटायची वेळ शेतकऱ्यावर येते, म्हणून तर निदान चुकता कामा नये. तरुणांना खेचायला भडक लेबलं छापून रोजचा पेला परत येणार नाही. रविवारच्या जेवणासाठी एकच बाटली निवडणाऱ्या गिऱ्हाइकाला काय हवं, ते आधी विचारा.